अळणी : करावी कशी, राखावी कशी

'अळणी' म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे मीठ विसरलेली भाजी येते. अळणी भाषण, अळणी विनोद असे या शब्दाचे वापर पाहिले, तर त्यांत कौतुक कोठेच आढळत नाही. परंतु ज्यांच्या घरी सामिष स्वयंपाक होतो, त्यांना याच शब्दाचा दुसरा अर्थ ठाऊक असतो. कोंबडी किंवा मटण शिजत असताना, तिखट-मीठ पडण्यापूर्वी, हाडामांसाचा अर्क घेऊन जे पिवळसर पाणी उतरते ते अळणी. घरातली पोरे वाटी घेऊन चुलीभोवती घुटमळतात ती तिच्यासाठी. तापातून उठलेला माणूस, दात गेलेला म्हातारा आणि बाळंतीण यांचा तिच्यावर पहिला हक्क. संस्कृतातल्या 'अलवण' या शब्दाचे हे मराठी रूप. मीठ नाही एवढेच ते सांगते, आणि चवीचा सारा भार हाडांवर टाकून मोकळे होते.

आमच्या वाचकांत शाकाहारी घरे पुष्कळ आहेत. त्यांनी हे पान उलटले तरी आम्हांला राग नाही. मात्र पुरणासाठी डाळ शिजवली की तिचा कट कोणी मोरीत ओतत नाही, त्याची आमटी होते. तोच विचार या लेखाच्या मुळाशी आहे, एवढे सांगून ठेवतो. जीव घेऊन जे अन्न घरात येते त्यातले तर काहीच वाया जाऊ नये, ही आमच्या सासूबाईंची शिकवण. अळणी कशी करावी हे आम्ही दोघी जावा त्यांच्याकडूनच शिकलो. ती राखावी कशी, यावरून मात्र गेल्या वैशाखात आमच्या घरी मोठा वाद झाला. त्या वादातून जे हाती लागले ते सांगण्यासाठी हा खटाटोप.

आमचे घर मंचेरियलचे. काजीपेठ-बल्लारशा लोहमार्ग १९२९ साली पुरा झाला. त्या कामाच्या निमित्ताने सासऱ्यांचे वडील गोदावरीकाठच्या या गावी आले आणि येथलेच झाले. १९५६ साली प्रांतांची फेरमांडणी झाली, तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातले राजुरा आणि किनवट हे तालुके मुंबई राज्यात गेले. मंचेरियल आंध्र प्रदेशात राहिले, २०१४ साली तेलंगणात आले, आणि ११ ऑक्टोबर २०१६ पासून स्वतःच जिल्ह्याचे ठिकाण झाले. एवढ्या उलथापालथीत आमच्या बोलण्यात तेलुगू किती मिसळले याचा हिशेब आता लागत नाही. शेजारच्या अक्का गावठी कोंबडीला 'नाटुकोडी' म्हणतात आणि तिच्या रश्श्याला 'पुलुसु'. पलीकडच्या खालाजान हाडांच्या पाण्याला 'यखनी' म्हणतात. आम्हीही बाजारात नाटुकोडीच मागतो. परंतु वाटीत ओतताना तोंडून 'अळणी' हाच शब्द येतो.

आता कोंबडीविषयी. अळणीला ब्रॉयलर चालत नाही असे नाही, पण तिच्यापासून फार अपेक्षा ठेवू नये. ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांत कापायला तयार होते. तिची हाडे कोवळी, मांस लवकर सुटणारे. गावठी कोंबडी अंड्यावर यायलाच सहा महिन्यांच्या आसपास घेते. वर्ष-दोन वर्षे अंगणात फिरलेली, अंडी देऊन थकलेली कोंबडी रश्श्याला चिवट लागते. परंतु तिच्या सांध्यांत, कातडीत आणि पायांत जो चिकट अंश साठलेला असतो तोच अळणीला अंग देतो. आमच्या परसात काही गावठी कोंबड्या आहेत आणि काही 'वनराजा' जातीच्या. ही जात हैदराबादजवळच्या राजेंद्रनगर येथील केंद्र सरकारच्या कुक्कुट संशोधन संस्थेने परसातल्या पालनासाठी तयार केलेली. अंड्यांसाठी त्यांचीच 'ग्रामप्रिया' आहे.

सासूबाईंचा पहिला नियम असा की, पेंगणारी कोंबडी कापायची नाही. मान मुरगळते आहे, पिसे फुगवून कोपऱ्यात बसली आहे, हिरवी पातळ विष्ठा टाकते आहे, अशी कोंबडी 'मरण्यापूर्वी कामी आणावी' असे पुष्कळांना वाटते. मानमोडी, म्हणजे ज्याला डॉक्टर राणीखेत म्हणतात तो रोग, एका कोंबडीला झाला की खुराडेच्या खुराडे रिकामे करतो. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आढळला, तो भारतातला पहिलाच. तेव्हापासून तर या नियमाला अधिकच अर्थ आला आहे. नीट शिजवल्याने, म्हणजे अन्न आतपर्यंत ७० अंशांवर तापल्याने, तो विषाणू मरतो हे खरे. पण धोका खाणाऱ्यापेक्षा कापणाऱ्याला आणि साफ करणाऱ्याला अधिक असतो. आजारी कोंबडी वेगळी ठेवावी आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे.

निरोगी कोंबडीला आदल्या रात्रीपासून दाणा बंद करावा, पाणी मात्र ठेवावे. पोट रिकामे असले की साफ करताना घाण पसरत नाही. कापल्यावर रक्त पुरते निथळू द्यावे. मग पाणी असे तापवावे की बोट क्षणभरही ठेववणार नाही, पण उकळीही फुटलेली नसेल. थर्मामीटर असलाच तर ६० ते ६५ अंश. त्यात कोंबडी मिनिटभर बुडवून हलवावी. पंखाचे मोठे पीस सहज निघाले की बाहेर काढावी. पाणी उकळते असले तर कातडी फाटते, आणि अळणीला कातडी हवी असते. पिसे काढून झाली की उरलेली लव जाळावर धरून भाजावी, हळद चोळून धुवावी. पोट उघडताना कलेजीला चिकटलेली पित्ताची हिरवी पिशवी फुटू देऊ नये. तिचा एक थेंबही सगळे कडू करतो. कलेजी आणि पेटा वेगळे काढावेत, ते अळणीत घालायचे नाहीत. कलेजीने पाणी गढूळ होते आणि लवकर उतरते.

पाय टाकून देणारी घरे आम्ही पाहिली आहेत. वस्तुतः सगळ्या कोंबडीत चिकटपणा अधिक कोठे असेल तर तो पायांत. गरम पाण्यात अर्धा मिनिट धरले की त्यांवरची पिवळी खरबरीत साल मोज्यासारखी निघते. नखे छाटून टाकावीत. मान, पाठ, पंखांची टोके, पाय आणि मांस काढलेली नळीची हाडे एवढा ऐवज अळणीचा. एका कोंबडीची हाडे जेमतेम अर्धा किलो भरतात. म्हणून दोन-तीन कोंबड्या एकदम केल्या तर सरपणही वाचते आणि श्रमही. कच्च्या कोंबडीची विळी, पाट आणि हात साबणाने धुतल्याशिवाय त्याच विळीवर कोथिंबीर चिरू नये, हे सुगरणींना सांगणे न लगे. पण घाईच्या दिवशी नेमके हेच राहून जाते.

एक किलो हाडांना दोन ते अडीच लिटर पाणी घ्यावे, आणि तेही थंड. थंड पाण्यातून हळूहळू ताप चढला म्हणजे मळी फेसाच्या रूपाने वर येते व पळीने काढून टाकता येते. उकळत्या पाण्यात हाडे टाकली तर ती पाण्यातच विरते. फेस संपला की हळद, ठेचलेले आले, लसणाच्या आठ-दहा पाकळ्या, एक कांदा आणि चार मिरे घालावेत. यानंतर खळखळून उकळू द्यायचे नाही. भांड्याच्या कडेला बुडबुडा फुटत राहील एवढाच जाळ. तीन-चार तासांनी सांधे आपोआप सुटतात, पायाची हाडे बोटांनी मोडतात. तेवढे झाले की गाळावे. मीठ शेवटपर्यंत नाही. ज्याचे त्याने वाटीत घालावे. यात एक सोय अशी की, अळणी आटवून निम्मी केली तरी खारट होत नाही, आणि घरात रक्तदाबाचे कोणी असेल तर त्याचा वाटा वेगळा करावा लागत नाही.

आमच्या लहानपणी हे काम कोळशाच्या शेगडीवर होई. आज गॅसवर चार तास भांडे ठेवणे परवडत नाही म्हणून आम्ही कुकर लावतो. पहिल्या शिटीनंतर आच मंद करून पाऊण तास. कुकरला हे काम नवे नाही. दनी पापँ नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६७९ साली लंडनमध्ये वाफ कोंडणारे जे पहिले भांडे करून दाखवले, ते हाडे मऊ करण्यासाठीच होते, आणि १६८१ साली त्याने त्यावर पुस्तकही लिहिले. भात आणि डाळ त्याच्या पोटात फार पुढे गेली.

हाडांच्या या पाण्याने काय होते आणि काय होत नाही, याविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. चरकसंहितेच्या अन्नपानविधीच्या अध्यायात मांसरसाची मोठी वाखाणणी आहे. क्षीण झालेल्यांना, आजारातून उठणाऱ्यांना तो द्यावा असे सांगितले आहे. अठराव्या शतकात पॅरिस शहरात अशक्तांसाठी असेच कढण विकणारी दुकाने निघाली. त्या कढणाला फ्रेंच भाषेत 'पुन्हा उभे करणारे' या अर्थाचा शब्द होता, आणि तोच पुढे दुकानाला चिकटला. आज आपण ज्याला रेस्टॉरंट म्हणतो तो हाच. परंतु त्याच पॅरिसमध्ये हाडांच्या चिकट अर्कावर, म्हणजे जिलेटिनवर, गरिबांना पोसता येईल काय याची चौकशी करण्यासाठी शास्त्रज्ञांचे मंडळ नेमले गेले. १८४१ साली माजँदी यांनी त्याचा अहवाल दिला. केवळ जिलेटिनवर ठेवलेली जनावरे जगत नाहीत, असे त्यांना आढळले. त्याचे कारण पुढे कळले : शरीराला अत्यावश्यक असलेले ट्रिप्टोफॅन जिलेटिनात नसते. कॅल्शियमचेही तसेच, चार तासांच्या उकळीने हाडातला चुना पाण्यात फारसा उतरत नाही. पेलाभर दुधात त्याहून कितीतरी अधिक असतो.

म्हणून बाळंतिणीला नुसत्या अळणीवर ठेवू नये. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली ठरवलेल्या प्रमाणानुसार, अंगावर पाजणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत नेहमीपेक्षा सुमारे १७ ग्रॅम प्रथिने रोज अधिक लागतात. ती मांसातून, अंड्यांतून, डाळीतून आणि दुधातून यायची. अळणीचे काम निराळे. अन्नावरची वासना उडालेली असते, घास गिळवत नाही, अशा वेळी ऊन-ऊन, हलके, वास घेताच तोंडाला पाणी आणणारे काहीतरी पोटात जाते. पाणीही जाते, आणि मागून भात जाण्याची वाट मोकळी होते. हे काम लहान नाही.

आता वादाकडे वळतो. गेल्या वैशाखात आमची लेक (थोरलीची म्हणायची, पण घरात ती दोघींचीच) बाळंतपणासाठी माहेरी आली. शस्त्रक्रिया करावी लागली, रक्त कमी झाले, आणि घरी आली तेव्हा जिना चढताना भिंत धरत होती. बाराव्या दिवसानंतर सासूबाईंनी अळणी सुरू केली. ती मात्र लेकीला लागू पडली. दुपारची वाटी झाली की ती स्वतःहून भात मागू लागली. तेव्हा आम्ही ठरवले की, तीन कोंबड्यांची अळणी एकदम करून फ्रीजमध्ये ठेवावी. रोज कोंबडी कापणे कोणाच्या आवाक्यात आहे? शिवाय महिन्याने लेक हैदराबादला परतली म्हणजे तिच्याबरोबर डबेही देता येतील.

सासूबाईंनी साफ नकार दिला. "बाळंतिणीला शिळी अळणी? माझ्या घरात नाही. सकाळची संध्याकाळी आमटीत घाला, गड्यांना द्या, कुत्र्याला घाला. तिच्या वाटीत जायची नाही."

लेक हसून म्हणाली, "आजी, फ्रीजमधलं शिळं नसतं हो."

"फ्रीज तुझा, पोट माझ्या नातीचं," एवढेच त्या म्हणाल्या आणि उठून गेल्या.

त्या रात्री धाकटीला त्यांनी कारण सांगितले. एवढ्या वर्षांत ते आम्हांला ठाऊक नव्हते. राजुऱ्याकडे, माहेरी, त्यांची थोरली बहीण पहिल्या बाळंतपणाला आली होती. उन्हाळ्याचे दिवस. पाहुणे आले म्हणून मोठी कोंबडी केली होती, आणि उरलेला रस्सा बहिणीसाठी म्हणून मायेने झाकून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी ऊन करून दिला. संध्याकाळपासून पोट बिघडले, आणि अशक्त जीव ते सोसू शकला नाही. कारण तेच होते की दुसरेच काही, हे त्या काळी कोणी तपासले नाही. पण दहा-बारा वर्षांच्या मुलीने तेवढे पाहिले आणि आयुष्यभरासाठी एक नियम बांधला. "आईने उकळून दिला होता गं," त्या म्हणाल्या, "खळखळ उकळून."

त्या एका वाक्यात फार मोठी गोष्ट आहे. उकळले म्हणजे शुद्ध झाले, अशी आपणा सर्वांची समजूत असते. उकळीने जिवंत जंतू मरतात हे खरे. परंतु क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाचा जंतू, जो मांसाच्या रश्श्यात हमखास सापडतो, तो बीजरूपाने उकळीतूनही वाचतो. भांडे हळूहळू निवू लागले की ही बीजे जागी होतात. या जंतूला सर्वांत मानवणारी ऊब ४३ ते ४७ अंशांची. तेथे तो दहा मिनिटांच्या आसपास दुप्पट होतो. दोन तासांत एकाचे चार हजारांवर जातात. मंचेरियलच्या वैशाखात दुपारची हवाच ४४-४५ अंशांना टेकते. म्हणजे ओट्यावर झाकून ठेवलेले अळणीचे पातेले निवत नसते. ते या जंतूला उबवत असते. दुसऱ्या काही जंतूंचे विष तर असे असते की ते एकदा अन्नात उतरले म्हणजे पुन्हा कितीही उकळा, जात नाही. आणि यांपैकी कशालाही वास येईलच असे नाही. सकाळ-संध्याकाळ उकळी देऊन रस्सा चार दिवस टिकवण्याची पद्धत पुष्कळ घरांत असे; ती धडधाकट माणसांना पचून गेली, म्हणून ती बिनधोक ठरत नाही.

तेव्हा सासूबाईंचा नियम अडाणी नव्हता. फ्रीज नसलेल्या, तापलेल्या मुलखात, केली त्या दिवशी संपवायची हाच एकमेव शहाणा नियम होता. किंबहुना अळणीची गोमच ही आहे की, ज्यांच्यासाठी ती करायची तेच घरातले सर्वांत नाजूक जीव. धडधाकट माणूस ज्या चुकीने एक रात्र हैराण होईल, ती बाळंतिणीच्या किंवा म्हाताऱ्याच्या जिवावर बेतू शकते. अशक्तासाठीच्या अन्नाला इतर अन्नापेक्षा कडक शिस्त हवी. आम्ही सासूबाईंना एवढेच म्हटले की, तुमचा नियम मोडायचा नाही. तो फ्रीजला शिकवायचा.

तो असा शिकवला. अळणी गाळली की ती त्याच पातेल्यात ठेवायची नाही. पसरट भांड्यांत दोन-दोन इंच ओतायची, आणि ती भांडी बर्फाच्या पाण्याने भरलेल्या परातीत ठेवून पळीने ढवळायची. उन्हाळ्यात आमच्या नळाचे पाणीच कोमट येते, म्हणून आदल्या रात्री बर्फ करून ठेवावा लागतो. दोन तासांच्या आत ती हाताला गार, म्हणजे २१ अंशांच्या आसपास, लागली पाहिजे आणि पुढच्या चार तासांत फ्रीजच्या पोटात ५ अंशांखाली गेली पाहिजे. कढत पातेले तसेच फ्रीजमध्ये ढकलले तर मध्यभाग रात्रभर उबदार राहतो, आणि शेजारचे दूधही तापते. नीट निवलेली अळणी फ्रीजमध्ये थिजून लोण्याच्या घट्टपणाची होते; हलवली की थरथरते. तशी झाली म्हणजे हाडांनी आपले काम केले. वर साचलेली चरबीची साय काढून फोडणीला वापरावी. या सायीमुळे खालची अळणी महिनोन्‌महिने टिकते असे काही जण मानतात. त्यावर विसंबू नये. उलट हवा बंद झालेल्या जागी वाढणारे जंतूही असतात.

फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ती तीन दिवस, फार तर चार. त्याहून पुढे राखायची तर बर्फाच्या कप्प्यात, उणे १८ अंशांवर. आम्ही ती आटवून निम्मी करतो आणि बर्फाच्या साच्यांत ओततो. गोठली की खडे पिशवीत भरतो. आमच्या साच्याचे चार खडे आणि तेवढेच पाणी मिळून एक फुलपात्र होते. डब्यात गोठवायची तर वर दोन बोटे जागा सोडावी, कारण गोठताना ती फुगते. काचेची बरणी तडकते. लागेल तेवढीच काढायची, खळखळ उकळायची, द्यायची, आणि उरलेली परत ठेवायची नाही. वीज गेली तर फ्रीजचे दार उघडायचे नाही. बंद दाराआड खालचा कप्पा चार तास तग धरतो, गच्च भरलेला बर्फाचा कप्पा दोन दिवस, अर्धा भरलेला एक दिवस. खडे वितळून कोमट झालेले आढळले तर ते बाळंतिणीचे राहिले नाहीत, कोणाचेच राहिले नाहीत.

लोणच्यासारखी बरणीत भरून फळीवर ठेवता येईल का, असे पुष्कळजणी विचारतात. नाही. लोण्च्याला मीठ, आंबटपणा आणि तेल राखते; अळणीत यांतले काहीच नाही. झाकण घट्ट लावलेल्या, हवा नसलेल्या अशा अन्नात बोट्युलिनम नावाचा जंतू जे विष तयार करतो, त्याच्याइतके जहाल विष क्वचितच आढळते, आणि त्याचीही बीजे साध्या उकळीने मरत नाहीत. परदेशांत त्यासाठी मोठी खास दाबपात्रे आणि वेळेची ठरलेली कोष्टके असतात. आपला घरचा कुकर शिजवण्यासाठी आहे. बरण्या भरून टिकाऊ माल करण्यासाठी त्याचा भरवसा धरू नये.

सासूबाई हे सारे पाहत होत्या. पहिले खडे तयार झाले तेव्हा त्यांनी एक हातात घेऊन नाकाशी धरला आणि म्हणाल्या, "याला वास कुठाय? चांगली की वाईट, कळायचं कसं?" साठ-पासष्ट वर्षे त्यांचे नाकच त्यांचे मोजमाप होते, आणि गोठलेल्या वस्तूला नाक चालत नाही. आम्ही म्हटले, आता नाकाऐवजी तारीख. तेव्हा त्यांनी चिकटपट्टी मागितली आणि धाकटीकडून पिशवीवर लिहून घेतले : वैशाख वद्य पंचमी. इंग्रजी तारीख त्यांना परकी नाही, पण मुदतीचा हिशेब त्या तिथीनेच करतात. बर्फातली अळणी दोन-तीन महिन्यांत संपवावी, असे आम्ही सांगितल्यावर त्यांनी स्वतःचा नियम घालून दिला : दोन पौर्णिमा उलटल्या की पिशवी रिकामी झाली पाहिजे. पौर्णिमा मोजल्या म्हणजे अधिक मासाचाही घोळ होत नाही. आमच्या फ्रीजमध्ये आजही पिशव्यांवर तिथ्या असतात.

बाळंतिणीला मात्र पहिले पंधरा दिवस त्यांनी ताजीच दिली. सोळाव्या दिवशी चार खडे स्वतः काढले, स्वतः उकळले, अर्धी वाटी आधी स्वतः प्यायल्या, आणि संध्याकाळपर्यंत थांबून मग नातीला दिली. आम्ही कोणी काही बोललो नाही.

हैदराबादला डबे देण्याचा बेत आम्ही सोडला. मंचेरियलहून गाडीने चार-पाच तास, पुढे घर गाठेपर्यंत तास-दीड तास, वर ज्येष्ठातला उकाडा. बर्फाच्या पेटीत नेता आली असती, पण गाडीला उशीर झाला तर भरवसा कोणी द्यायचा? त्याऐवजी जाण्यापूर्वीच्या आठवड्यात लेकीने स्वतः एकदा अळणी केली. कोंबडी कापणे तिला जमले नाही, पण पायांची साल तिने काढली, फेस काढला, आणि परातीतल्या भांड्यात पळी फिरवत अर्धा तास बसली. सासूबाई शेजारी बाळाला मांडीवर घेऊन होत्या. पाय सुटले का ते पाहायला तिने चिमटीत हाड धरले, तेव्हा त्या म्हणाल्या, "आणखी थोडं. घाई कोणाला आहे?"

तिकडे तिला कोंबडी दुकानातूनच आणावी लागते. दुकानदार पाय आणि माना बाजूला टाकतो. त्या ती मागून घेते. दर पंधरवड्याला तिचा फोन येतो, तिथी विचारायला.

आमच्या वाचकांची घरे बडोद्यापासून तंजावरपर्यंत पसरलेली आहेत. आपल्या घरी हाडांच्या या पाण्याला काय म्हणतात, ते कोणाला प्रथम देतात आणि किती काळ राखतात, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना अवश्य विचारावे. नियमामागचे कारण त्यांनी आजवर सांगितले नसेल, तर तेही विचारावे.